अक्षरी नऊ फक्त

माझ्या हातून झालेल्या सर्वांत मोठ्या लबाडीची लांबी अर्धा सेंटिमीटर आहे. निळ्या बॉलपेनची एक उभी काडी. नाशिकच्या ज्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी नोकरीला होतो, तिथल्या रजिस्टरमध्ये देवरे बाईंनी एका रकान्यात इंग्रजी नऊचा आकडा लिहिला होता. मी त्याच्या आधी ती काडी ओढली आणि त्याचे एकोणीस केले. काम एका सेकंदाचं. ते कबूल करायला मला सात वर्षं लागली, आणि लिहायला त्याहून जास्त.

देवरे बाई आमच्या लॅबच्या जंतू विभागात होत्या. विभाग हा शब्द मोठा झाला. ती मागच्या बाजूची, संडासाला लागून असलेली खोली होती. पुढे पेशंटसाठी एसी, सोफा, टीव्ही आणि रंगीत माशांची टाकी होती. मागे बाई होत्या आणि छताला एक पंखा, जो लावायला बंदी होती. ‘पंखा लावला की आख्ख्या नाशिकची धूळ माझ्या प्लेटवर उगवते,’ असं त्या म्हणत. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत लॅबमध्ये सर्वांत सुखात मासे असायचे आणि सर्वांत घामाघूम बाई.

बाई मूळच्या सटाण्याकडच्या. पन्नाशीला आलेल्या, ठेंगण्या, एकट्या. नाशिकला तीस वर्षं काढल्यामुळे बोलणं शहरी झालं होतं. पण ‘नाही’चं ‘नाय’ तेवढं राहिलं होतं, आणि राग आला की थेट अहिराणी बाहेर पडे. ‘हाई काय शे?’ असा आवाज मागच्या खोलीतून आला की पुढचे आम्ही सगळे आपापल्या कामात एकदम गढून जात असू. त्यांच्या पांढऱ्या कोटाच्या खिशात कंपासपेटीतली स्टीलची सहा इंची पट्टी असे. तिच्यावर बाईंचा जेवढा विश्वास होता, तेवढा त्यांचा लॅबमधल्या कुठल्याच माणसावर नव्हता. माझ्याबाबतीत ते योग्यच होतं, हे पुढे दिसलं.

त्यांचं काम असं. न्यूमोनियाच्या पेशंटचा खाकरा यायचा. रक्त मिसळलेली खळीसारखी लापशी थिजवलेल्या काचेच्या थाळीवर, म्हणजे प्लेटवर, त्यातले जंतू वाढवायचे. मग ते दुसऱ्या प्लेटवर पसरून त्यांच्यावर वेगवेगळ्या अँटिबायोटिकच्या कागदी चकत्या ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी बघायचं. ज्या औषधाला जंतू दबतो, त्या चकतीभोवती स्वच्छ रिंगण पडलेलं असतं. दबत नसेल तर तो चकतीला खेटून बसतो. बाई प्लेट उलटी धरून, खाली काळं कापड घेऊन, रिंगणाला पट्टी लावत आणि मिलिमीटर लिहीत.

रिपोर्टवर याची तीन इंग्रजी अक्षरं असतात. एस, आय आणि आर. बाईंनी ती कधी उच्चारली नाहीत. त्यांच्या भाषेत एस म्हणजे ‘ऐकतो’. आर म्हणजे ‘ऐकत नाय’. आणि मधला आय, ज्याच्यावर औषधाचा डोस वाढवावा लागतो, तो ‘मोठ्यानं सांगितलं तर ऐकतो’. निम्म्या नाशिकच्या डॉक्टरांना ही भाषा पाठ झाली होती. फोन यायचा, ‘काय बाई, ऐकतो का?’ बाई म्हणायच्या, ‘महागातल्याचं नाय ऐकत साहेब. साध्या पेनिसिलिनचं ऐकतोय. गरीब जंतू आहे.’

डॉक्टरांना हे उत्तर आवडत नसे. पेनिसिलिन लिहून दिलं की पेशंटचे नातेवाईकच विचारतात, एवढंच का?

नमुन्याबाबत बाई फार काटेकोर होत्या. बहुतेक लोक डबीत थुंकी आणत आणि आम्ही ती मुकाट्याने घेत असू. थुंकीत छातीतलं काही नसतं. पण रिपोर्ट कशाचाही काढता येतो, हे लॅबच्या धंद्यातलं मूळ तत्त्व आहे. एकदा त्र्यंबकेश्वरचे एक वयस्क गुरुजी डबी घेऊन आले. बाईंनी ती उजेडात धरली.

“गुरुजी, हे काय आणलंत?”

“थुंकी. आपणच मागितली होती.”

“ही थुंकीसुद्धा नाय. हे तीर्थ झालं. मला खाकरा पाहिजे, छातीतला.”

“तो कसा काढायचा?”

“मंत्र कुठून म्हणता?”

“नाभीपासून.”

“मग खोका पण तिथूनच.”

आणि बाईंनी खोकून दाखवलं. त्या खोकल्याने रिसेप्शनच्या मुलीने टीव्हीचा आवाज वाढवला, सोफ्यावरच्या दोन बायकांनी नाकाला पदर लावला आणि मासे टाकीच्या पलीकडच्या कोपऱ्यात गेले. गुरुजींनी मात्र मन लावून शिकून घेतलं. तिसऱ्या प्रयत्नाला बाई म्हणाल्या, “आता कसं! हा खरा प्रसाद.” गुरुजी बरे होऊन पेढे घेऊन आले, तेव्हा पुढच्या हॉलला ओलांडून सरळ मागच्या खोलीत गेले.

प्लेटसाठी रक्त लागतं. आमच्याकडे त्यासाठी ब्लड बँकेतलं मुदत संपलेलं रक्त वापरत. ते फुकट मिळे. बाईंनी आल्या आल्या ते बंद केलं. “माणसाच्या रक्तात आधीच चार गोळ्या विरघळलेल्या असतात,” त्या म्हणाल्या. “त्यात जंतू काय खरं बोलणार? मेंढी गोळ्या खात नाय.” मग त्यांनी आडगावच्या बाजूला एक धनगर शोधला. महिन्यातून दोनदा जनावरांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरला घेऊन त्या तिथे जात, एका ठरलेल्या मेंढीच्या मानेतून थोडंसं रक्त काढून घेत, आणि ते गोठू नये म्हणून काचेचे मणी घातलेली बाटली रिक्षात नाशिकपर्यंत हलवत येत. खळखळ, खळखळ. एका रिक्षावाल्याने हे कसलं व्रत म्हणून विचारलं. बाईंनी खरं ते सांगितलं. त्याने द्वारका चौकातच रिक्षा थांबवली आणि मीटर न बघता त्यांना उतरवलं.

त्या मेंढीला बाई ‘मॅडम’ म्हणत. आमच्या लॅबमधला सर्वांत प्रामाणिक कर्मचारी ती होती, आणि ती पगारपत्रकावर नव्हती.

दुसरी गोष्ट बरणीची. न्यूमोनियाचा जंतू नाजूक. त्याला साधी हवा मानवत नाही, थोडी कोंदट लागते. बाईंनी त्यासाठी लोणच्याची मोठी काचेची बरणी ठेवली होती. प्लेट आत रचायच्या, वर पांढरी मेणबत्ती पेटवायची, झाकण घट्ट लावायचं. मिनिटभरात मेणबत्ती आपोआप विझते आणि आत हवी तशी हवा तयार होते. रोज पाच वाजता बाई हे करत आणि मेणबत्ती विझेपर्यंत कोणाशी बोलत नसत.

लॅबचे मालक डॉक्टर, ज्यांना आम्ही मोठे सर म्हणत असू, त्यांना त्या बरणीची लाज वाटे. त्यांनी याच कामाचं परदेशी यंत्र आणलं. ते काचेच्या भिंतीआड, पेशंटना दिसेल असं ठेवलं. त्याला गॅसचा सिलेंडर लागतो. सिलेंडर आला, सुरुवातीला भरलेला होता, मग रिकामा झाला आणि रिकामाच शोभेला राहिला. यंत्रावरचा हिरवा दिवा मात्र अखंड तेवत असे. खंडेनवमीला सरांनी यंत्राला झेंडूचा भलामोठा हार घातला, हळदकुंकू वाहिलं, फोटो काढले. बाईंनी एक फूल बरणीवर ठेवलं आणि एक खिशातल्या पट्टीवर. मग यंत्राकडे बघून मला म्हणाल्या, “विनायक, त्या साहेबांना उपास आहे का रे? सहा महिने पोटात काय गेलं नाय त्यांच्या.”

मी हसलो. तेव्हा मी हसण्यात पटाईत होतो. बाई बोलल्या की बाईंबरोबर हसायचं, सर बोलले की सरांबरोबर. डिप्लोमा माझ्याकडेही लॅबचाच होता, पण काम रिपोर्ट टाइप करण्याचं आणि डॉक्टरांचे फोन घेण्याचं होतं. या कामाला कणा लागत नाही, मान लवचीक लागते.

आणि मग जावई आला.

जावई म्हणजे एक नवीन इंजेक्शन. खरं नाव सांगत नाही. त्या कंपनीने लॅबला नवीन फ्रिज दिला, भिंतीवरचं घड्याळ दिलं, रिपोर्टचे छापील फॉर्म दिले, आणि त्या फॉर्मवर औषधांच्या यादीत पहिल्या ओळीत स्वतःचं इंजेक्शन घातलं. पेनिसिलिन शेवटून दुसरं होतं. बाईंनी फॉर्म पाहिला आणि म्हणाल्या, “जावयाचं पान पहिलं वाढलंय.” तेव्हापासून ते नाव पडलं. जावयाची चकती फुकट, त्याचा मान मोठा, खर्च सासरच्या माणसांना, म्हणजे पेशंटला. न्यूमोनियाच्या जंतूवर मात्र जावयाचा दरारा बेताचाच. बाईंची पट्टी तसं सांगे, आणि ती सांगेल तसं बाई लिहीत. मोठे सर म्हणत, “बाई, जरा सढळ हाताने मोजत जा.” बाई म्हणत, “हात सढळ आहे सर. पट्टी आवळ आहे.”

ती घटना त्याच वर्षीची. सायखेड्याच्या शाळेतल्या एक तरुण शिक्षिका न्यूमोनियाने नाशिकमधल्या एका खासगी दवाखान्यात होत्या. त्यांना छातीचे जे डॉक्टर बघत होते, ते आमच्याकडे सर्वांत जास्त पेशंट पाठवत. मराठी गृहस्थ, पण फोनवर इंग्रजीच. त्यांनी रिपोर्टची वाट न पाहता जावई सुरू केला होता. त्या सकाळी बाईंनी प्लेट वाचली, रजिस्टरमध्ये आकडे लिहिले आणि भाचीच्या साखरपुड्यासाठी सटाण्याची एसटी धरली. जाताना मला म्हणाल्या, “सायखेड्याच्या पेशंटचा फोन आधी कर. जावयाचं अजिबात नाय ऐकत. पेनिसिलिनचं मस्त ऐकतोय. आजच बदलायला सांग.”

जावयासमोर नऊ लिहिलं होतं. चकतीच मुळात सहा मिलिमीटरची असते. नऊ म्हणजे रिंगण नव्हे, नुसती किनार.

मी फोन केला. लाइन खरखरत होती.

“सर, सायखेड्याच्या पेशंटचा रिपोर्ट. नाईन मिलिमीटर, सर.”

“नाईन्टीन? गुड, गुड! आय न्यू इट. कंटिन्यू करतो.”

एवढ्या वेळात मला ‘नाही, नाईन’ म्हणता आलं असतं. दोन शब्द होते. पण त्या माणसाच्या आवाजात इतका आनंद होता, आणि त्याने मला आयुष्यात पहिल्यांदाच ‘गुड’ म्हटलं होतं, तेही दोनदा. मी म्हणालो, “हो सर.”

त्यांनी फोन ठेवला. मी रिसिव्हर हातात धरून उभा राहिलो. परत फोन लावायचा तर मी आधी ‘हो’ का म्हणालो ते सांगावं लागणार. एकोणीस म्हणजे ‘ऐकतो’. मग मी रिपोर्टवर जावयासमोर एस टाइप केला. मग रजिस्टर आणि रिपोर्ट जुळेना. मग मी ती काडी ओढली. माणूस खोटं एकदाच बोलतो. बाकी सगळा जमवाजमवीचा भाग असतो.

बाई तिसऱ्या दिवशी परतल्या. आल्या आल्या विचारलं, “सायखेडा कसं आहे?” मी म्हणालो, “चौकशी नाही केली.” त्यांचा एक नियम होता: पेशंट घरी जाईपर्यंत त्याची प्लेट फेकायची नाही. त्यांनी दवाखान्यात फोन लावला. ताप उतरला नव्हता, छातीत पू झाला होता, दुसऱ्या दिवशी नळी घालणार होते. बाईंनी विचारलं, कोणतं इंजेक्शन चालू आहे? उत्तर ऐकलं आणि त्यांनी फोन खाली ठेवला नाही, जवळजवळ टाकला. प्लेट काढली, पट्टी लावली. रजिस्टर उघडलं. त्या नोंदीवर बोट ठेवलं. मला वाटलं आता ‘हाई काय शे?’ येणार. आलं नाही. त्यांनी डॉक्टरांना फोन लावला आणि मराठीत, सावकाश, एकेक शब्द तोडून सांगितलं, “साहेब, नऊ. आठानंतरचे नऊ. जावयाचं नाय ऐकत. पेनिसिलिन द्या, आत्ता.”

औषध बदललं. त्या शिक्षिका वाचल्या. पण नळी घालावी लागली, आणि शाळेत परत जायला त्यांना पुढचं सत्र उजाडलं.

डॉक्टर संतापले. चूक कोणाची तरी असायला हवी होती, आणि त्यांची असणं शक्य नव्हतं. मोठे सर नुकतेच एका परिषदेहून आले होते, खांद्यावर तिथे मिळालेली नवी बॅग होती. त्यांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं आणि रजिस्टर उघडलं.

“बाई, इथे एकोणीस लिहिलंय. हे अक्षर तुमचं ना?”

बाई म्हणाल्या, “नऊ माझा आहे.”

“म्हणजे तुम्ही मान्य करता.”

“नऊ माझा आहे, सर. प्लेट आहे माझ्याकडे. बघता का?”

“इतक्या दिवसांच्या प्लेटला काय अर्थ? रिंग आकसते.” सरांनी बॅगेचा पट्टा सारखा केला. “तुम्हाला चष्मा बदलायला हवा. वयोमानाने होतं.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. प्लेट वाचताना बघत तसं. थोडं तिरकं, उजेड मागून घेऊन. मी भिंतीवरच्या कंपनीच्या घड्याळाकडे बघत राहिलो. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. ती वेळ मला अजून पाठ आहे.

दुसऱ्या दिवशी बाईंनी डोळ्यांच्या डॉक्टरांचा दाखला आणला. दृष्टी उत्तम. तो वाचण्यासाठी सरांनी टेबलावर आपला चष्मा शोधला, तो सापडला नाही, म्हणून दाखला फाइलला गेला. बाईंना लघवीतली साखर तपासायला बसवलं. जंतू विभाग मला मिळाला. बरणी माळ्यावर गेली, मेंढीला निवृत्ती मिळाली, ब्लड बँकेचं फुकट रक्त परत आलं. माझ्या हाती आल्यापासून नाशिकचे जंतू फारच आज्ञाधारक झाले.

त्या दिवसापासून बाईंनी रजिस्टरमध्ये आकडे लिहिणं सोडलं. सगळं अक्षरी, मागेपुढे जागा न सोडता, चेकवर लिहितात तसं. ‘साखर दोन अधिक फक्त.’ ‘नमुने नऊ फक्त.’ सरांना वाटलं, म्हातारीला चळ लागला. रोज संध्याकाळी ते रजिस्टर सहीसाठी माझ्याकडे येई. मी रोज ‘फक्त’च्या खाली सही करत असे. दीड वर्षानं बाई नोकरी सोडून सटाण्याला भाच्याकडे गेल्या. निरोप समारंभात त्यांना कंपनीचं घड्याळ दिलं. त्यांनी ते रिसेप्शनच्या मुलीला देऊन टाकलं. पट्टी मात्र नेली.

त्या काडीनंतर सात वर्षांनी माझ्या वडिलांना न्यूमोनिया झाला. ते दुसऱ्या दवाखान्यात होते. डॉक्टरांनी माझ्या हातात जंतूंच्या तपासणीचा, म्हणजे कल्चरचा, रिपोर्ट ठेवला, सगळीकडे एस, आणि म्हणाले, “तुम्ही तर याच लाइनमधले. सांगा, यावर विश्वास ठेवू ना?” मी तो रिपोर्ट उलटा करून टेबलावर ठेवला. वडील बरे झाले. पुढच्याच रविवारी मी सटाण्याला गेलो.

भाच्याच्या घरासमोर कांदे साठवायची चाळ होती आणि अंगणात सात-आठ बायका कांदे निवडत बसल्या होत्या. बाई त्यांच्या मध्ये बाजेवर. वाळल्या होत्या. हातात तीच पट्टी. कांदा मोठा की मध्यम, यावर वाद झाला की पट्टी लावून निकाल देत होत्या. मला पाहून म्हणाल्या, “विनायक! जाडा झालास रे. जंतू विभाग मानवला.”

मी जवळ बसलो. भाचेसून चहा ठेवून म्हणाली, “आत्यांना कमी ऐकू येतं बरं का.” मला वाटलं, बरंच झालं. मी आवाज खाली आणला, बायकांना ऐकू जाऊ नये इतका.

“बाई, त्या रजिस्टरमधली काडी माझी होती.”

“गाडी? चारची आहे परतीची. बस की अजून.”

“गाडी नाही बाई. काडी.”

“माडी? बांधली का? छान.”

दोन बायकांनी मान वर केली. मी पुन्हा तेच, त्याहून हळू म्हणालो. बाईंनी कानामागे तळवा धरला आणि माझ्याकडे थोडं तिरकं, उजेड मागून घेऊन पाहिलं. त्यांना पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं की काय, ही शंका मला आजही आहे.

“असं नाय चालायचं विनायक,” त्या म्हणाल्या. “मी आता मधली झालेय. मोठ्यानं सांगितलं तर ऐकते.”

कांद्यांची खुडबुड थांबली. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मी उभा राहिलो, आणि टेलिफोनवर जे दोन शब्द बोलता आले नव्हते, ते पोटापासून ओरडून म्हणालो:

“नाईन्टीन नव्हतं बाई, नऊ होतं! नऊ फक्त! काडी मी ओढली. तुमची नजर चांगली होती, चुकलो मी. मला माफ करा!”